सुजाताताईची रविवारची पंगत

फोन आला तेव्हा मी बसमध्ये होती. रविवारची सकाळ, पांढुर्ण्याहून सौंसरले जाणारी बस, मांडीवर आईनं दिलेला कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा, आणि डोक्यात एकच गोष्ट, की आज ताईले काय उत्तर द्याचं. जामसांवलीच्या हनुमानाले जाणाऱ्या लोकांनी बस गच्च भरली होती. एका आजीच्या पिशवीतला नारळ गडगडत सारखा माझ्या पायाशी येऊन राहिला होता आणि मी तो सारखा उचलून देऊन राहिली होती. तेवढ्यात आकाशचा फोन आला. आकाश आमच्या रविवारच्या टोळीतला, सौंसरचाच, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. म्हणाला, "पूनम, सुजाताताई वारली वो. पहाटे, झोपेतच. हार्ट अटॅक म्हणे." मी म्हटलं, "हो." इतकंच. फोन ठेवला. नारळ पुन्हा आला, मी पुन्हा उचलून दिला. आजीनं विचारलं, "दर्शनाले चालली का बाई?" मी त्यांनाही हो म्हटलं. काही न समजता हो म्हणाची माझी सवय जुनी आहे... आणि ज्या बाईनं ती सवय मोडली, तिच्याच मरणाची बातमी ऐकून मी पुन्हा हो म्हणून बसली होती.

सुजाताताई माझी नात्यातली नव्हती. आम्ही दोघी नागपूरच्या एकाच कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो... लिहीत होतो. दवाखान्यांमधल्या औषधांचा साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे ते. मी नवीन लागली तेव्हा काम बहुतेक घरूनच होतं. तिगावच्या आमच्या घरात, संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून मी मीटिंगले बसाची. माझं कॉलेज छिंदवाड्याचं, बाकीचे पुण्याचे, बंगलोरचे, आणि सगळे असे बोलाचे का जसं काही पोटातूनच शिकून आले. मी मान हलवाची. मीटिंग संपली का प्रत्येक न समजलेल्या शब्दासाठी एक टॅब उघडाची, आणि संध्याकाळपर्यंत टॅब इतके होऊन जाये का त्यांची नावंच दिसणं बंद होये. वाचणं काही होत नव्हतं. ऑनलाइन कोर्स घेतले, सगळे पहिल्या धड्यावर अडकलेले. मनात एकच भेव, का आज नाही तर उद्या कोणाच्या तरी ध्यानात येईन, हिले काहीच येत नाही, चुकून घेतली हिले.

मग ती मीटिंग झाली. आमचा टीम लीड, ताईपेक्षा कितीतरी लहान, एक नवीन पद्धत समजावून सांगत होता. एकदम माइक चालू झाल्याचा आवाज आला आणि एक बाई म्हणाली, "थांबा जरा. मले हे समजलं नाही. पहिल्यापासून सांगता का?" अशी, आपल्या बोलीत, आरामात, जशी भाजीवाल्याले भाव विचारून राहिली. मी स्क्रीनकडे पाहतच राहिली, म्हटलं आता हिचं काही खरं नाही. पण लीडनं पहिल्यापासून सांगतलं, आणि सांगता सांगता त्याच्याच ध्यानात आलं का मधातली एक पायरी त्याची सुटली. मग आणखी दोघं बोलले, आम्हालेही नव्हतं समजलं म्हणून.

मीटिंग संपल्याबरोबर मले तिचा फोन. "तू कुठची वो?"

"पांढुर्ण्याकडची. तिगाव."

"अवं मी सौंसरची. म्हणूनच म्हटलं, हे नंदीबैल आपल्याच भागातलं दिसते. किती मान हलवून राहिली होती. समजलं होतं का?"

"हो."

"खरं सांग."

"नाही."

"मंग काऊन नाही विचारलं?"

"म्हटलं सगळ्याइले माहीत असन."

"सगळे हेच म्हणून बसले होते बाप्पा." आणि ती हसली. तिचं हसणं असं होतं का फोन कानापासून थोडा दूर धरा लागे. "रविवारी सौंसरले येजो. एक डबा आण, आन एक चूक आण."

"चूक?"

"आठवड्याभरात काहीतरी मोडलं असनच ना. नसन मोडलं तर काम केलं नाही तू. मंग येऊ नको."

तर ही ताईची पंगत. विहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर, दोन खोल्या, ती आणि तिची माय. रविवारी विहारात वंदना झाली का ती घरी येऊन समोरच्या खोलीत सतरंजी अंथराची. त्या सतरंजीवर इस्त्रीचा एक तिकोनी डाग होता, आणि ती जागा तिची, तिथं दुसरं कोणी बसत नव्हतं. आम्ही पाच-सहा जण, सगळे सौंसर-पांढुर्ण्याचे, कोणी नागपूरले नोकरी करे, कोणी घरून. माय वरणभात करे, बाकी ज्याच्या त्याच्या डब्यातलं. नियम एकच. पंगतीत बसलेला माणूस आपल्या हातानं वाढून घेत नाही, बरोबर ना? कितीही भूक लागो, वाढणारा येईपर्यंत बसून राहते. तसं इथं, आपली चूक आपण सांगाची, पण तिचं उत्तर आपण नाही शोधाचं, समोरचा वाढन. ज्याले काही सुचलं तो वरणाची पळी उचले, चूक सांगणाऱ्याच्या पानात वरण वाढे आणि वाढता वाढता बोले. आता हे वाचून हसू येईन, पण तुम्ही करून पाहा. समोरचा माणूस तुमच्या भातावर वरण टाकून राहिला असते तेव्हा त्याच्यापुढं शहाणपणा मारता येत नाही, आणि लाजही जास्त वेळ टिकत नाही. भात थंडा होते ना.

आणि सगळ्यात पहिले चूक कोणी सांगाची, तर ताईनं. नेहमी. सगळ्यात मोठी तीच होती म्हणून. एखाद्या आठवड्यात तिच्याजवळ नवीन चूक नसली का ती जुनी सांगे, आणि जुनी म्हणजे एकच, गाडीची. ती आम्हाले सगळ्याइले पाठ होती, तरी आम्हीच म्हणाचो, ताई, गाडीची सांग.

गोष्ट अशी. ताई नवीन नवीन नोकरीले लागली तेव्हा नागपूरच्या एका लहान ऑफिसमध्ये होती. ते ऑफिस संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी एक प्रोग्राम बनवून राहिलं होतं. व्यापाऱ्याची गाडी कोणत्या गावाले कधी येईन, याचा शेतकऱ्याइले मोबाइलवर मेसेज जाचा. तेव्हा बटनांचे फोन होते. ताईनं एका संध्याकाळी तपासून पाहण्यासाठी मेसेज टाकला, "उद्या सकाळी गाडी येईल, माल तोडून ठेवा." पाठवाचा होता स्वतःच्या नंबरवर. गेला यादीतल्या सगळ्या शेतकऱ्याइले. आणि तिले पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बापाचा फोन आला, कोणाच्या तरी मोबाइलवरून. तिचे वडील तोडणीच्या कामाले जात. मोठ्या खुशीत होते. "सुजा, आज तिगावले तोड लागली. कालपर्यंत काम नव्हतं, रात्री एकदम निरोप आला. गाडी येऊन राहिली म्हणे."

इथं ताई थांबे. पळी हवेत. मग म्हणे, "माझ्या मेसेजवर माझाच बाप कामाले गेला होता."

ती पॅसेंजरनं तिगाव स्टेशनवर उतरली, चालत बगीच्यात गेली, झाडाखाली संत्र्याचे ढीग लागले होते, आणि तिनं सगळ्याइच्या मधात उभं राहून सांगतलं का मेसेज माझ्या हातून गेला, गाडी येऊन नाही राहिली. एक म्हातारा तिले म्हणाला, "बाई, चुकलं तं चुकलं. आता हा संत्रा देठाले पुन्हा चिकटवून देतं का? नाही ना? मंग गाडी पाय." तिनं गाडी पाहली. तिथंच ढिगाजवळ बसून एकेका व्यापाऱ्याले फोन लावला, आणि दिवस मावळेपर्यंत माल उचलला गेला. ऑफिसात परत गेली तर मालक म्हणाला, असा मेसेज पुन्हा जाणार नाही अशी सोय तूच कर. तिनं केली. पाठवाच्या आधी प्रोग्राम थांबते, कोणाकोणाले जाईन त्याइची नावं दाखवते, आणि विचारते, पाठवू का? ताई म्हणे, "मी लिहलेलं पहिलं चांगलं काम ते. चूक नसती झाली तर सुचलं नसतं."

म्हातारा बोलते ते ती त्याच्या आवाजात करून दाखवे. आम्ही लोळाचो हसून. मी घरी येऊन ही गोष्ट कधीच सांगतली नाही. तिगावात काय आमचा एकट्याचाच बगीचा आहे?

थांबा, एक महत्त्वाचं राहूनच चाललं. कोडच्या ज्या भाषेत ताईनं कितीतरी वर्ष काम केलं, ती भाषा कंपनीनं एक दिवस बंद केली. आता सगळं नवीन. तिच्या बरोबरीचे काही जण सोडून गेले, काही नुसते चिडून बसले. ताई शिकाले बसली. आणि तिची शिकण्याची रीत कोणत्याच कोर्समध्ये नाही. नवीन काहीही आलं का ती त्याच्यात पहिले गाडी लिहे. तोच प्रोग्राम. उद्या गाडी येईल, कोणाले जाईन, नावं दाखव, विचार, मग पाठव. तिच्या लॅपटॉपमध्ये गाडी नावाचे फोल्डरच फोल्डर होते, एकेका भाषेतली एकेक गाडी. मी विचारलं, "ताई, तेच ते लिहून कंटाळा नाही येत?" म्हणे, "अवं, काय बनवाचं ते मले माहीतच आहे. मंग डोकं फक्त कसं बनवाचं त्याच्यावर लागते. तू नवीन भाषा आन नवीन काम दोन्ही एकाच टाइमाले उचलतं, म्हणून तुही पाठ धरते." मी त्या दिवसापासून टॅब बंद केले. सगळे नाही, खोटं काऊन बोलू. पण नावं दिसाले लागली.

तिच्या जाण्याच्या आधीच्या महिन्यात कंपनीत एआयची टूल आली. तुम्ही सांगा, ते कोड लिहून देते. इतक्या दिवसांत जे भेव थोडं कमी झालं होतं ते पुन्हा आलं. मी जे काम दोन दिवस घासून करत होती ते चहा उकळेपर्यंत समोर. म्हटलं झालं, संपली आपली कहाणी. आणि त्यातच मॅनेजरनं मले विचारलं, या टूलवर काम करणारी एक नवीन टीम बनून राहिली, तू येतं का? दोन आठवड्यांत सांग. मी ठरवलं होतं, नाही म्हणाचं. नाही काय, मी तर कामच सोडाचा विचार करून राहिली होती, बाबांसंग बगीचा पाहीन म्हटलं.

हे मी पंगतीत सांगतलं. तीच आमची शेवटची भेट. त्या दिवशी पळी ताईनंच उचलली. माझ्या भातावर वरण टाकता टाकता म्हणाली, "ते टूल बी पंगतीत बसलं समज. वाढते, चांगलं आहे ना. पण वाढलं म्हणून गिळाचं नाही. पानात पाहाचं, खडा आहे का, मीठ आहे का. पाहणारं कोणी लागन का नाही?"

"पण मले येत नाही ना ताई त्यातलं काही."

"मले तरी कुठं येते. मी कालच त्याच्यात गाडी लिहाले बसली."

"आणि?"

"ते बाद में. तू पहिले उत्तर ठरव. नाही म्हणाचं असन तर खुशाल म्हण, बगीचा काही वाईट नाही. पण भेवानं नाही म्हणू नको. भेवानं म्हटलेलं नाही लय दिवस पुरते, मंग तेच खात बसा लागते. पुढच्या रविवारी सांगजो."

पुढच्या रविवारी मी बसमध्ये होती, आणि नारळ उचलून देऊन राहिली होती.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले बाबा माझ्यासंग आले. मी म्हटलं नव्हतं, तेच म्हणाले, "ज्या बाईनं तुले टिकवलं तिच्या घरी एकदा जा लागते." विहारात लोक तिच्याबद्दल बोलले. आकाश बोलाले उठला आणि त्यानं गाडीची गोष्ट सांगतली, ताईसारखी, म्हाताऱ्याच्या आवाजासकट. लोक डोळे पुसता पुसता हसले. माझ्या बाजूला बाबा मात्र एकदम ताठ बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पूनम, तो आपला बगीचा होता."

मी म्हटलं, "काय?"

"तो म्हातारा म्हणजे तुहा आजा. मी तिथंच होतो. ती पोरगी हीच का..." आणि मग बाबा विहाराच्या भिंतीजवळ उभे राहून सांगत राहिले. त्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या गोष्टीत कोणी हसत नव्हतं. "लय रडली होती वो ती. सगळ्याइपुढं सांगेपर्यंत सांगतलं, आन मंग ट्रॅक्टरच्या मागं जाऊन अशी रडली का तिचा बाप काम सोडून तिच्याजवळ बसला. म्हणे, बाबा, मले नाही जमत हे, मी नाही जात आता नागपूरले. बाप नुसता तिचा फोन तिच्या हातात देऊन राहिला, लाव म्हणे, पहिला फोन लाव. तिचे हात असे हालत होते का बटन दाबल्या जात नव्हतं." बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "दिवसभर पाणी नाही प्याली. आम्ही विचारलं होतं का नाही तिले पाण्याचं, ते बी आता आठवत नाही मले."

मी हे किती वेळा ऐकलं होतं, आणि हे कधीच ऐकलं नव्हतं. मले वाटे, ताईले भेव वाटतच नाही. तिची बनावटच वेगळी, आपली वेगळी. ती मीटिंगमध्ये थांबा म्हणते कारण ती ताई आहे. आणि ती तर माझ्याच बगीच्यात, माझ्याच मनातलं वाक्य बोलून रडली होती. मले नाही जमत हे. फक्त त्यानंतर पहिला फोन लावला होता. दुसरा मग सोपा गेला असन, का नसन, कोणाले माहीत... पण तिनं ते रडणं गोष्टीतून काढून टाकलं होतं, आणि हसणं आमच्या पानात वाढलं होतं. पहिले तर मले थोडा रागच आला, का ताई, हे काऊन नाही सांगतलं? मग वाटलं, सांगतलं असतं तर आम्ही तिच्या चुकीवर हसलो नसतो, आणि आमच्या चुका तोंडातून निघाल्या नसत्या.

बाबा मायजवळ गेले आणि हात जोडले. मायनंच विचारलं, "तिगावचे का तुम्ही? सुजीचे बाबा जाचे तिकडं तोडीले." बाबा म्हणाले, "हो. आमच्याकडंच." मग आम्ही जेवाले बसलो, सगळे एका ओळीत, बाबा मायच्या शेजारी. निघताना मायनं मले थांबवलं. "रविवारी येसान ना वो तुम्ही पोरं? मी वरण टाकीन. माझ्याच्यानं एकटीपुरतं टाकणं होत नाही."

सोमवारी मी मॅनेजरले फोन लावला. हात हालत होते, पण आता मोठ्या काचेचे फोन आहेत, कसंही दाबलं तरी लागते. म्हटलं, मी येते नव्या टीममध्ये, पण मले यातलं काही येत नाही, मी विचारत राहीन. ते म्हणाले, "कोणालाच येत नाही, म्हणून तर टीम बनवून राहिलो." इतकंच होतं ते. इतक्यासाठी मी बगीच्यात जाऊन राहिली होती.

आणि मग ताई करे ते केलं. नव्या टूलमध्ये पहिले गाडी. टूलले सांगतलं, शेतकऱ्याइले मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहून दे. त्यानं पटकन लिहून देलं, इतकं सुंदर का मी खूश. यादीत तपासण्यासाठी एकच नंबर टाकला, बाबांचा, आणि म्हटलं पाठवाच्या आधी हा थांबन, तेव्हा मजकूर नीट वाचू. प्रोग्राम चालू केला. तो थांबला नाही. त्यानं काही विचारलं नाही. आंगणातून बाबांचा आवाज आला, "पूनम, उद्या गाडी येऊन राहिली म्हणते वो. संत्रा तोडू का?"

मी ताईची पायरीच सांगाची विसरली होती. वाढलं, आणि मी गिळलं.

रविवारी सौंसरले गेली. सतरंजी आकाशनं अंथरली. इस्त्रीच्या डागावर कोणी बसलं नाही, सगळे त्याच्या दोन बाजूनं बसले, मधात एक माणसाची जागा. मायनं वरणाचं भांडं आणून ठेवलं. पहिले बोलणारी नव्हती ना... सगळे आपापल्या भाताकडे पाहून राहिले, आणि भात थंडा होऊन राहिला. मले ते पाहवलं नाही. मी म्हटलं, मी सांगते, आणि बाबांचा आवाज काढून सगळं सांगतलं, संत्रा तोडू का पर्यंत. पहिले आकाश हसला. मग सगळे. आणि मग माय, पदर तोंडाले लावून, इतक्या दिवसांनी.

तिनंच पळी उचलली. तिले प्रोग्राममधलं काही समजत नाही, तिनं आजपर्यंत कधी कोणाले उत्तर वाढलं नव्हतं. ती वाकली आणि माझ्या भातावर वरण टाकत राहिली, पुरे म्हटलं तरी टाकत राहिली.

"घे," म्हणाली. "विचारून मंगच पाठवाचं, सुजीनं कितीक वेळा सांगतलं तुमाले."